लोबी लोकांचे 'बातेबा' : लाकूड, आज्ञा आणि भय

धर्मप्रसाराच्या इतिहासग्रंथांत परक्या लोकांच्या मूर्तींविषयी दोन विधाने वारंवार आढळतात. त्या मूर्ती 'त्यांच्या देवांच्या' होत्या, हे पहिले. आणि स्नानसंस्कारापूर्वी त्यांचा त्याग करण्यात आला, हे दुसरे. ती मूर्ती मुळात कोणाच्या सांगण्यावरून घडविली गेली होती, घरात तिचे काम काय होते, आणि ती गेल्यावर त्या घरात काय उरले, हे प्रश्न या दोन विधानांच्या मध्ये हरवून जातात. धर्मगुरू आणि धर्मशिक्षक यांच्या दृष्टीने मात्र हेच प्रश्न महत्त्वाचे आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात पश्चिम आफ्रिकेतील लोबी लोकांच्या लाकडी मूर्तींचे उदाहरण आम्ही घेतले आहे. हे उदाहरण दूरचे असले, तरी त्यातून निघणारा प्रश्न दूरचा नाही.

लोबी आणि त्यांचा देश

आज लोबी लोकांची वस्ती तीन देशांत विभागलेली आहे : बुर्किना फासोचा नैर्ऋत्य भाग, आयव्हरी कोस्टचा ईशान्य भाग आणि घानाचा वायव्य कोपरा. बुर्किना फासोतील गावा हे त्यांचे प्रमुख नगर होय. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, साधारणपणे १७७० च्या सुमारास, हे लोक आजच्या घानाच्या बाजूने काळी व्होल्टा नदी ओलांडून पश्चिमेकडे सरकले. या नदीची आठवण त्यांनी आपल्या धर्मजीवनात जपली आहे. 'जोरो' नावाचा त्यांचा दीक्षाविधी दर सात वर्षांनी होतो, आणि तो या नदीशी निगडित आहे.

लोबींना राजा नव्हता आणि दरबारही नव्हता. हिएन, कांबू, दा, पाले इत्यादी मातृवंशीय कुळे, आणि शेताशेतांत विखुरलेली मातीची भक्कम घरे, अशी त्यांची समाजरचना. या घराला 'सुकाला' म्हणतात. बाहेरून ते लहानशा किल्ल्यासारखे दिसते, आणि दोन घरांमध्ये पुष्कळ अंतर राखलेले असते. १८९७ पासून फ्रेंच सैन्य या प्रदेशात शिरू लागले, तेव्हा जिंकून घ्यावी अशी राजधानी त्यांना तेथे सापडली नाही. विषारी बाणांनी प्रतिकार करणाऱ्या विखुरलेल्या घरांशी त्यांना दीर्घकाळ झुंजावे लागले. १९१९ मध्ये हा भाग अपर व्होल्टा या वसाहतीत आला. १९३२ मध्ये ती वसाहत मोडून शेजारच्या वसाहतींत वाटली गेली. १९४७ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. १९६० मध्ये स्वतंत्र झाली. आणि १९८४ मध्ये तिने बुर्किना फासो हे नाव धारण केले.

येथे एक प्रश्न उद्भवतो. ज्या समाजात राजा नाही, न्यायाधीश नाही, शिपाई नाही, त्या समाजात आज्ञा कोण देतो आणि माणसे ती का पाळतात? या प्रश्नाच्या उत्तरातच त्या लाकडी मूर्तींचा अर्थ दडलेला आहे.

पाठमोरा देव आणि आज्ञा देणारे 'थिला'

लोबी लोक एका निर्माणकर्त्याला मानतात. त्याचे नाव थांगबा. त्यांच्यात सांगितली जाणारी उत्पत्तीची कथा धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे. आरंभी माणसे थांगबाने घालून दिलेले निषेध पाळून सुखाने राहत होती. पुढे त्यांची संख्या वाढली, स्त्रियांवरून कलह सुरू झाले, रक्त सांडले. तेव्हा थांगबाने मनुष्याकडे पाठ फिरविली. परंतु त्याने मनुष्याला सर्वस्वी टाकून दिले नाही. त्याच्या देखरेखीसाठी त्याने 'थिला' दिले.

'थिल' हे एकवचन आणि 'थिला' हे अनेकवचन. हे अदृश्य, सामर्थ्यवान आत्मे होत. मात्र ते सर्वगुणसंपन्न नाहीत. माणसांप्रमाणे त्यांनाही आवडीनिवडी, राग, हट्ट आणि मागण्या असतात. प्रत्येक गावाचा एक थिल असतो; त्याने घातलेले नियम आणि निषेध हाच त्या गावाचा कायदा. घराघराचे आणि व्यक्तींचेही थिला असतात. राजाच्या अभावी समाजाला बांधून ठेवणारी आज्ञा आली ती येथून.

थिल स्वतः बोलत नाही. आजार, वांझपण, अपमृत्यू, पिकाचा नाश अशी संकटे आली की लोबी मनुष्य 'बुओर' म्हणजे दैवज्ञाकडे जातो. आपले दुःख काय आहे हे तो सांगत नाही. ते शोधून काढणे हे बुओरचे काम. बुओर त्याचा हात आपल्या हातात धरून थिलाला भराभर प्रश्न विचारीत जातो, आणि जोडलेल्या हातांच्या हालचालीवरून 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर मिळते. मिळालेल्या उत्तराची कवड्या टाकून खात्री करून घेतात. आमच्याकडे गोमंतकात वा कोकणात देवळात कौल लावणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या पद्धतीचा गाभा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दोन्हीकडची श्रद्धा भिन्न असली, तरी होय-नाहीची भाषा एकच आहे.

बातेबा म्हणजे काय

थिल पुष्कळदा अशी आज्ञा करतो की अमुक प्रकारची लाकडी मूर्ती घडवून देव्हाऱ्यात ठेवावी. या मूर्तीला 'बातेबा' म्हणतात. बहुतेक बातेबा वीतभर ते हात-दीड हात उंचीचे असतात. त्यांची मुद्रा गंभीर, ओठ मिटलेले आणि शरीर ताठ असते. घरातील एका अंधाऱ्या खोलीत देव्हारा असतो. तेथे मडकी, लोखंडी वस्तू, मातीच्या आकृती यांच्या सोबतीला बातेबा उभे केले जातात. काही देव्हाऱ्यांत त्यांची संख्या डझनांनी मोजावी लागते.

येथेच आमच्या नेहमीच्या शब्दांची अडचण सुरू होते. बातेबा ही थांगबाची प्रतिमा नव्हे. थांगबाची मूर्ती कोणी करीत नाही. ती थिलाचीही प्रतिमा नव्हे. स्विस मानववंशशास्त्रज्ञ पीट मायर यांनी लोबींमध्ये राहून केलेला अभ्यास १९८१ साली झुरिक येथील रीटबर्ग संग्रहालयाने प्रसिद्ध केला. त्यातून स्पष्ट होते ते असे की, लोबींच्या मते बातेबा हा स्वतःच एक जिवंत जीव आहे. तो पाहतो, हालचाल करतो, चेटक्यांशी झुंजतो, आणि थिलाच्या आज्ञा अमलात आणतो. थिल हा धनी आणि बातेबा हा त्याचा सेवक किंवा शिपाई, असे त्यांचे नाते म्हणता येईल. ज्या समाजात शिपाई नाही, त्या समाजाने आपले शिपाई लाकडातून उभे केले.

हे शिपाईही एका साच्याचे नाहीत. त्यांच्या आकारावरून त्यांचे काम ओळखता येते. साधे बातेबा दोन्ही हात खाली सोडून उभे असतात. एक किंवा दोन्ही हात उचललेले बातेबा 'धोकादायक' गणले जातात. ते दाराशी येणाऱ्या अरिष्टाची वाट अडवितात. दोन तोंडांचे किंवा अशाच असामान्य अवयवांचे बातेबा 'विलक्षण' म्हणून ओळखले जातात. त्यांची शक्ती साध्या बातेबांहून अधिक. स्त्रीपुरुषांची जोडी दाखविणारे बातेबा विवाह जुळावा, मूल व्हावे यासाठी असतात. बसलेल्या आकृती चालता न येणाऱ्यांच्या आजारासाठी असतात. आणि एक प्रकार आहे 'दुःखी' बातेबांचा. मान कलती, हात पाठीमागे, मुद्रेवर शोक. आपल्या धन्यावर येऊ घातलेला शोक हा बातेबा त्याच्या वतीने स्वतः वाहतो, म्हणजे धन्याला तो करावा लागत नाही, अशी लोबींची श्रद्धा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सुताराने कोरलेले लाकूड आपोआप बातेबा होत नाही. थिलाच्या आज्ञेने ते देव्हाऱ्यात ठेवले गेले म्हणजेच ते जिवंत होते. गावा येथील सिकिरे कांबिरे हा नामांकित मूर्तिकार फ्रेंच अधिकाऱ्यांसाठीही मूर्ती कोरीत असे. त्या मूर्ती हुबेहूब असत. परंतु त्यांमागे कोणा थिलाची आज्ञा नसल्यामुळे लोबींच्या दृष्टीने ते केवळ लाकूड होते. म्हणजे मूर्तीचे मर्म तिच्या आकारात नसून तिच्यामागच्या आज्ञेत आहे.

एका पोर्तुगीज शब्दाचा प्रवास

असे असूनही या वस्तूंना युरोपीय भाषांत जे नाव मिळाले ते 'फेटिश'. या नावाचा इतिहास आम्हां मराठी व कोंकणी ख्रिस्ती लोकांना परका नाही. पंधराव्या शतकात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगीज खलाशांनी तेथील ताईत, मंतरलेल्या वस्तू व मूर्ती यांना 'फेइतिसो' म्हटले. या शब्दाचे मूळ लॅटिन. त्याचा अर्थ 'बनविलेले', 'कृत्रिम'. पोर्तुगालमध्ये तो जादूटोण्यासाठी वापरात होताच. तोच शब्द त्याच जहाजांच्या मार्गाने गोव्यातही आला आणि येथील मांत्रिक, घाडी यांच्याबद्दल बोलताना वापरला गेला. १६०२ मध्ये डच प्रवासी पीटर दे मारेस याने गोल्ड कोस्टच्या वर्णनात तो योजला; १७६० मध्ये शार्ल द ब्रोस या फ्रेंच विद्वानाने त्यावरून एका संपूर्ण 'धर्मा'ची कल्पना रचली. अशा रीतीने बंदरावरच्या व्यापाऱ्यांची एक शिवी विद्वानांच्या ग्रंथांत सिद्धान्त होऊन बसली.

या शब्दाने झालेली हानी कोणती? 'फेटिश' म्हटले की, हे लोक वस्तूचीच पूजा करतात, असे गृहीत धरले जाते. मग उपदेशकाचे काम सोपे वाटू लागते. लाकडाला डोळे असून दिसत नाही, कान असून ऐकू येत नाही, हे स्तोत्रकर्त्याने ११५ व्या स्तोत्रात इस्राएलाला बजाविलेले सत्य सांगितले की संपले! परंतु लोबी श्रोता शांतपणे म्हणेल, 'बाजारातल्या लाकडाला दिसत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे.' त्याची भीती लाकडाची नाही. ज्याने ते लाकूड मागितले त्याची आहे. उपदेशाचा बाण नेम चुकून बाजूने निघून जातो, आणि उपदेशकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

शेजाऱ्यांच्या दोन वाटा

या प्रदेशातील ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या इतिहासात एक मोठा विरोधाभास आहे. लोबींचे निकटचे शेजारी दागारा. पूर्वीचे लेखक कित्येकदा या दोघांना एकाच नावाखाली घालीत. ही नावे पुष्कळदा केवळ 'पश्चिमेकडचे' आणि 'पूर्वेकडचे' अशा दिशा दाखवितात, हे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जॅक गुडी यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. कार्डिनल लाव्हिजरी यांनी १८६८ मध्ये अल्जियर्स येथे स्थापिलेल्या 'व्हाइट फादर्स' संघाचे कॅनडातील धर्मगुरू रेमिजियस मॅक्कॉय १९२९ मध्ये आजच्या घानातील जिरापा येथे आले. १९३२ मध्ये अवर्षण पडले. हवालदिल झालेले दागारा लोक त्यांच्याकडे आले, येशूच्या नावाने प्रार्थना झाली आणि पाऊस पडला, अशी आठवण तेथील ख्रिस्तसभा आजही जपून आहे. त्यानंतर दागारांचे लोंढेच्या लोंढे धर्मशिक्षणासाठी येऊ लागले. १९३३ मध्ये फ्रेंच सीमेच्या आत दिसां येथे मिशन उघडण्यात आले. याच दागारा लोकांतून पुढे पीटर पोरेकु डेरी हे महागुरुस्वामी झाले, आणि २००६ मध्ये कार्डिनल.

लोबींच्या बाबतीत असा लोंढा आला नाही. त्यांच्यात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही मिशनांनी काम केले. १९६८ मध्ये द्येबुगू येथे धर्मप्रांत झाला आणि २०११ मध्ये गावा येथे स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. तेथे आज जिवंत ख्रिस्तसभा आहे. परंतु तिची वाढ झाली ती घराघराने, माणसामाणसाने आणि सावकाश.

हे असे का झाले, याचे एकच कारण सांगणे धाडसाचे होईल. तथापि वर वर्णिलेली व्यवस्था पाहता एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. जिरापा येथे लोकांचा प्रश्न सर्वांचा आणि एकच होता : पाऊस कोणाच्या हाती आहे? त्या प्रश्नाला त्यांना सर्वांसमक्ष उत्तर मिळाले. लोबी घरातील प्रश्न मात्र त्या घरापुरता असतो. या मुलाच्या तापामागे कोणाची आज्ञा मोडली गेली? या सुनेची कूस कोणी बांधली? अंधाऱ्या खोलीतील प्रत्येक बातेबा हे अशा एकेका प्रश्नाचे लाकडात धरून ठेवलेले उत्तर आहे. तो देव्हारा म्हणजे त्या कुटुंबाच्या संकटांची नोंदवही होय. ती एका दिवसात जाळण्यास सांगणे म्हणजे कुटुंबाला त्याच्या सगळ्या जुन्या भयांसमोर एकाच दिवशी निःशस्त्र उभे करणे होय.

लाव्हिजरींच्या संघाला या गोष्टीची अंशतः जाण होती असे दिसते. त्यांनी आफ्रिकेसाठी स्नानसंस्कारापूर्वी चार वर्षांचा शिक्षणकाळ ठरविला होता, आणि त्याच्या पहिल्या टप्प्यातच उमेदवाराच्या गळ्यात पवित्र मरियेचे पदक घातले जाई. त्याग करणाऱ्याचे हात मोकळे राहू नयेत, हे शहाणपण त्यात होते. त्याचबरोबर एक धोकाही होता. भय तसेच ठेवून केवळ संरक्षक वस्तू बदलली, तर पदकही नव्या थिलाचा नवा बातेबा होऊन बसते. आमच्याही धर्मग्रामांत क्रूस, पवित्र पाणी, संतांची चित्रे यांचा उपयोग कोठे श्रद्धेने होतो आणि कोठे 'अडविण्यासाठी' होतो, हे ओळखणाऱ्या धर्मगुरूला या धोक्याची वेगळी फोड करून सांगावयास नको.

संग्रहालयाचा देव्हारा

दुसरीकडे, याच शतकात बातेबा युरोपात पोहोचले. गावा येथे १९१४ पासून प्रशासक असलेल्या आंरी लाबुरे यांनी १९३१ मध्ये लोबी व त्यांच्या शेजाऱ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. ज्यांच्यावर त्यांनी सक्तीने राज्य केले, त्यांच्याविषयीचे ज्ञानही त्यांनीच जगाला दिले. पुढे कलाप्रेमींना या मूर्तींच्या मुद्रांची मोहिनी पडली आणि त्यांचा बाजार सुरू झाला. देव्हाऱ्यांतून मूर्ती चोरीस जाऊ लागल्या. जे लाकूड उपदेशकाने अंधश्रद्धा म्हणून नाकारले, ते संग्राहकाने कला म्हणून काचेमागे ठेवले. दोघांच्याही दृष्टीतून ज्या माणसाने आपल्या आजारी मुलासाठी ते कोरून घेतले होते, तो मात्र निसटला.

या दोहोंहून वेगळी अशी तिसरी वाट मादलेन पेर या फ्रेंच विदुषीने दाखविली. लोबींमध्ये अनेक वर्षे राहून त्यांनी त्यांच्या परंपरेचा आणि परिवर्तनाचा अभ्यास केला, १९८८ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, आणि १९९० मध्ये गावा येथेच संग्रहालय उभे करण्यात पुढाकार घेतला. तेथे लोबी मुलांना आपल्या आजोबांच्या घरातील वस्तू त्यांच्या नावांसह व कामांसह पाहावयास मिळतात. ज्याचा त्याग करावयाचा, ते आधी नीट जाणून घ्यावे. आणि ज्याचा त्याग केला, त्याचा अपमान करू नये, हा धडा त्यात आहे.

शास्त्राचा प्रकाश

पवित्र शास्त्रात या प्रश्नाला जवळचे असे एक उदाहरण आहे, आणि ते पुरेसे वापरले जात नाही असे आम्हाला वाटते. गणनेच्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात मोशे देवाच्या आज्ञेवरून पितळेचा सर्प करतो. तो सर्प देवाची प्रतिमा नव्हता. संकटात सापडलेल्या लोकांसाठी आज्ञेने घडविलेली ती वस्तू होती. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात हिज्कीया राजा तोच सर्प फोडून टाकतो, कारण लोक त्याला धूप जाळू लागले होते. वस्तू तीच होती. तिच्यामागची आज्ञा विसरली गेली होती आणि वस्तूच धनी होऊन बसली होती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू येशू त्याच सर्पाचा दाखला देऊन आपल्या उंच केल्या जाण्याकडे लक्ष वेधतो. घडविणे, फोडणे आणि पूर्ण करणे या तीनही गोष्टी एकाच वस्तूच्या इतिहासात आहेत. मात्र फोडणारा हिज्कीया हा त्या लोकांचा स्वतःचा राजा होता, बाहेरून आलेला प्रवासी नव्हता, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

या प्रकाशात पाहता, लोबी मनुष्याला सुवार्ता सांगताना आरंभ लाकडापासून करू नये. आरंभ थांगबाच्या पाठीपासून करावा. ज्या देवाने पाठ फिरविली असे त्याला वाटते, तो देव मनुष्याकडे तोंड करून आला, ही खरी सुवार्ता आहे. आज्ञा देणाऱ्या आत्म्यांच्या भयाविषयी पौलाने कलस्सैकरांस सांगितलेली गोष्ट, सत्तांना व अधिकारांना ख्रिस्ताने क्रूसावर निःशस्त्र केल्याची, लोबी श्रोत्याला कोणत्याही युरोपीय श्रोत्यापेक्षा अधिक लवकर समजेल. आणि धन्याचा शोक स्वतः वाहणारा तो 'दुःखी' बातेबा ज्याच्या घरात उभा आहे, त्याच्यासमोर यशयाच्या ५३ व्या अध्यायातील दुःखवाहक सेवकाचे वर्णन वाचले, तर ते त्याच्या मनाला भिडल्यावाचून राहणार नाही. साम्य म्हणजे एकरूपता नव्हे. लाकूड शोक वाहू शकत नाही. परंतु कोणीतरी आपला शोक वाहावा, ही आस खरी आहे, आणि ती आस सुवार्तेची वैरी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये अन्य धर्मांतील सत्य व पवित्र अंशांविषयी जी आदराची भूमिका घेतली, तिचा व्यवहारातील अर्थ आम्ही असा समजतो.

उपसंहार

धर्मशिक्षकाने यातून काय घ्यावे? कोणाच्या घरात अशी एखादी वस्तू दिसली, मग ते घर गावाजवळचे असो, गोमंतकातले असो वा आमच्या सीमाभागातले असो, तर ती 'काय' आहे हे विचारण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. ती कोणाच्या सांगण्यावरून आली? त्या वेळी घरात कोणते संकट होते? आणि ती गेली तर रात्री कोणाला झोप लागणार नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे इतिहास देईल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत काडी ओढू नये. ज्याला झोप लागणार नाही त्याच्या घरी जावे, त्याच्या आजारी मुलाजवळ बसावे, ख्रिस्ताचे नाव घेऊन प्रार्थना करावी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. भय गेले की मूर्ती कोण उचलतो आणि कोठे ठेवतो, हा प्रश्न त्या घरचा धनीच सोडवील.